घळीतलं बाळंतपण

मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या डॉक्टर मीनाक्षी गद्रे रिटायर झाल्या, त्याच उन्हाळ्यात लेकीबरोबर आयडाहोला गेल्या. छत्तीस वर्षं दुसऱ्यांची बाळंतपणं केली होती. आता त्यांना नुसतं बसून नदी बघायची होती.

सकाळी लुइस्टनहून बोट सुटली. स्नेक नदी कड्यांच्या आत शिरत गेली, तसं बोटीवरचं बोलणं आपोआप थांबलं. दोन्हीकडचे काळे कडे इतके उंच गेले, की आभाळाची फक्त पट्टी उरली. वळलेल्या शिंगांची रानमेंढरं उभ्या कपारीवर निवांत चरत होती.

"आई, फोटो काढ ना," केया म्हणाली. मीनाक्षीबाईंचा हातच वर होईना.

दुपारी बोट चालवणाऱ्या वॉल्टने एका जुन्या वस्तीपाशी बोट लावली. सव्वाशे वर्षांपूर्वी इथे एक जोडपं मेंढ्या पाळून राहायचं, असं त्याने सांगितलं. आता राहिलं होतं एक लाकडी खोपट, तेही अर्धं छप्पर पडलेलं. बाकीचे झाडाखाली जेवायला बसले. मीनाक्षीबाई पाय मोकळे करत खोपटाकडे गेल्या.

आत कोणीतरी कण्हत होतं... दात आवळून, दमून. तो आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता.

त्या आत गेल्या आणि मागचं ऊन विझलं. वर छप्पर अखंड होतं. ओल्या लोकरीचा आणि जळक्या चरबीचा वास येत होता. अंधारात एका थंडगार हाताने त्यांचं मनगट पकडलं. त्यांनी आपसूक गुडघे टेकले. बाळ पायाळू होतं. त्यांनी चाचपडत ते हळूहळू वळवून घेतलं.

"घाबरू नकोस... मी आहे... आता लाव जोर..."

आपण मराठीत बोलतोय, हेही त्यांना कळलं नाही. मग बाळ रडलं. तो आवाज साऱ्या घळीत घुमत गेला.

डोळ्यांवर ऊन आलं. समोर रिकामी धूळ होती, वर आभाळ. त्यांचे हात कोरडे होते. त्या बाहेर आल्या, तर कड्यावरची सगळी मेंढरं चरणं सोडून खोपटाकडे तोंड करून उभी होती.

"आई, आर यू ओके? काय झालं?" केयाने त्यांना धरलं.

"बाळ रडलेलं ऐकलंस?"

"बाळ? बोटीवर कोणाचंच बाळ नाहीये, आई."

तेवढ्यात खोपटामागून वॉल्टने हाक मारली. तो एका दगडी थडग्यापाशी टोपी हातात घेऊन उभा होता.

"इथे दोन दगड होते," तो हळूच म्हणाला. "ती बाई आणि तिचं बाळ, दोघं एकाच रात्री गेली. वीस वर्षं मी दोन्ही थडग्यांवरचं गवत काढतोय."

दगड एकच होता, त्या बाईचा. शेजारी कमरेएवढं रानगवत दाटलं होतं. वॉल्टने वाकून एक मूठ जोर लावून उपटली. मुळं खोल गेलेली होती, कित्येक वर्षांची.