खोट्या दारासमोरचा खड्डा

"बाजूला व्हा! थांबता येत नाहीये!" भिंगरी ओरडली आणि मोज्यांवर घसरत दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला सुसाट निघाली. राजवाड्याच्या लाकडी जमिनीवर घसरायला आत्याने सक्त मनाई केली होती. पण आत्या वरच्या मजल्यावर होती ना!

शेवटच्या दारापाशी भिंगरी अडखळली आणि धाडकन आपटली.

"पण इथेच का पडलीस?" तिच्या चुलतभावाने विचारलं. सारख्या शंका काढतो म्हणून घरात त्याला सगळे शंकासुर म्हणत.

"आधी हात दे, मग चौकशी कर!"

हा जुना राजवाडा आता लोकांसाठी उघडणार होता आणि त्याचा इतिहास आत्या लिहीत होती. इथे पूर्वीच्या राणीची, म्हणजे बाईसाहेबांची, एक निळी रेशमी खोली होती, असं ती छातीठोकपणे सांगायची. सजावटकारसाहेब मात्र "तुमची हवेतली खोली!" म्हणून सगळ्यांदेखत तिला हसायचे. आज ते भिंगरी जिथे आपटली त्याच भिंतीवर नव्या फळ्या ठोकणार होते. मग आत्याचं कुणीच ऐकलं नसतं. भिंगरीचा जीव नुसता तुटत होता.

या भिंतीतली दोन्ही दारं म्हणे खोटी होती. समोरच्या दारांना जोड म्हणून केलेली, केवळ शोभेची. भिंगरीने जमिनीवर हात फिरवला.

"अरे, इथे लाकूड झिजलंय! खोलगट झालंय बघ!"

शंकासुर दुसऱ्या दाराकडे धावला. "इथे तर गुळगुळीत आहे! मग खोट्या दारातून एवढं येत-जात कोण होतं?"

"शाब्बास! आज कामाची शंका काढलीस!"

तेवढ्यात सुतारांना घेऊन साहेब आले. "चला, पळा इथून!"

"काका, या दारासमोर खड्डा आहे!"

"माहीत आहे. त्यावर मी गालिचा टाकणार आहे. ठोका रे!"

भिंगरी दाराला पाठ लावून उभी राहिली. "मी नाही हलणार!"

"पायांनी जमीन झिजली," शंकासुर पुटपुटला, "मग हातांनी काय झिजलं असेल?"

भिंगरी गर्रकन वळली. चौकटीवर सोनेरी पानांची नक्षी होती. त्यातल्या एकाच पानाचा मुलामा पार उडाला होता! तिने ते दाबलं. काहीच झालं नाही. मग तिने ते फिरवलं.

कट्!

दार कुरकुरत उघडलं. आत निळ्या रेशमाच्या भिंती, त्यांवर चंदेरी पक्षी आणि एकच ऐसपैस आरामखुर्ची!

"आत्याऽऽ!"

आत्या धापा टाकत खाली आली आणि दारातच थबकली. तिचे डोळे भरून आले. "मेजवान्यांना कंटाळल्या की बाईसाहेब इथेच येऊन बसत असणार," ती हळूच म्हणाली.

साहेबांचा चेहरा पडला होता. "चुकलंच माझं, बाई. मी खड्डा झाकायला निघालो होतो, या पोरांनी तो वाचला. खरंच हुशार आहेत!"

"हुशार आहेतच," आत्या म्हणाली. "पण खड्डा सापडला कसा?"

भिंगरीने मान खाली घातली. "घसरताना, आत्या."

आत्याने तिच्या मोज्यांकडे पाहिलं, मग लांबलचक चकाकत्या जमिनीकडे. तिने चपला काढून शंकासुराच्या हातात दिल्या.

"बाजूला व्हा!" ती ओरडली आणि सुसाट निघाली.