दोघांवर लावलेलं मीटर

मयूरचं चलन फाटलं आणि त्याचा राग निघाला संघमित्रावर.

चिंचपोकळी स्टेशनच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान. दुकान कसलं, चार बाय आठचं खोपटं. फळीवर जुन्या गाड्यांची मीटरं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि एका डोळ्याला भिंग लावून बसलेली ती. दारात करकचून ब्रेक लागला तरी तिने मान वर केली नाही. नाकासमोर मोबाइल नाचला, तेव्हा केली.

"हे बघा! फ्रीवेवर ऐंशीची लिमिट. माझा काटा पंच्याहत्तरवर. आणि कॅमेरा म्हणतो त्र्याऐंशी! मीटर उघडलं तर आत चिठ्ठी तुमच्या दुकानाची. माझ्या वडिलांनी इथेच दुरुस्त करून घेतलं होतं."

"चिठ्ठी माझ्या बाबांची असेल तर मीटर खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "गाडीला काय केलंत?"

"गाडीला? काही नाही... म्हणजे, मागच्या चाकांचा गिअर, डिफरन्शियल, तो बदलला. लांबच्या रस्त्याला इंजिन फार ओरडायचं, म्हणून वेगळ्या दात्यांचा टाकला."

"वा! म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. चाकं तेवढीच फिरतात, पण मीटरची केबल आता कमी फिरते. त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नाही, तर त्याने काय करायचं?"

तो हसला. राग उतरताना त्याचे कान लाल झाले. ते तिने बघितलं आणि तिथेच सगळं बिघडलं... मीटरचं नव्हे, तिचं.

गाडी फियाट होती, दुधावरच्या सायीच्या रंगाची. मयूरचे वडील कुशाबा दर रविवारी लालबागच्या चाळीखाली ती आंघोळ घालावी तशी धुवायचे. ते गेले. कणकवलीजवळच्या गावी आई एकटी पडली. मयूरने दादरची नोकरी सोडली होती. पुढच्या रविवारी तो ही गाडी घेऊन गावी जाणार होता, कायमचा. मीटर तोवर बरोबर व्हायला हवं होतं. म्हणजे संघमित्राकडे आठ दिवस होते, आणि आठ दिवसांत मीटर लागतं. बाकीचं काही लागत नाही, हे तिला कळत होतं. पहिल्याच दिवशी त्याची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली होती आणि पटकन परत आली होती. अशा नजरा तिला शाळेपासून पाठ होत्या.

तरी दुसऱ्या दिवशी तिने बाबांच्या पद्धतीनेच विचारलं, "गाडीत माणसं किती बसणार?"

"का?"

"टायर वजनाने दबतं. जेवढी माणसं बसणार, तेवढी बसवून मोजायचं. बाबांनी तसंच शिकवलंय."

"दोघं."

"दुसरं कोण?"

"ठरायचंय..." तो स्टिअरिंगवरची धूळ पुसायला लागला. धूळ नव्हतीच.

"मग वजन किती धरू?"

"तुमच्याएवढं धरा."

"बाईमाणसाला असं वजन विचारतात का हो?"

"विचारलं कुठे? बसा म्हटलं."

ती बसली. गल्लीत पन्नास मीटर टेपने मोजले होते. मीटरपासून सोडवलेल्या केबलच्या टोकाला तिने पुठ्ठ्याचा बाण लावला आणि मांडीवर धरला. शेजारच्या गॅरेजमधला अमित आणि त्याचे दोघे कामगार मागून गाडी ढकलत होते. बाणाचे फेरे मोजायचे, एवढंच काम. मीटरभर अंतराला एक, म्हणजे पन्नास यायला हवेत. पण अठ्ठाविसाव्या फेऱ्याला तिने सहज बाजूला बघितलं, तर तो पुढे बघायचं सोडून तिच्याकडे बघत होता.

"चुकलं," ती म्हणाली. "परत."

तीन वेळा चुकलं. अमित शेवटी म्हणाला, "ताई, तुमचे फेरे मोजून होईपर्यंत आमची कंबर जाईल!" चौथ्यांदा पंचेचाळीस आणि वर जरासा फेरा भरला. म्हणजे गाडी पन्नासने पळताना मीटर पंचेचाळीस दाखवत होतं. केबलच्या मध्ये फेरे वाढवणारी गिअरची एक छोटी डबी बसवली की काम झालं.

डबी करायला तीन दिवस लागले. तिन्ही दिवस तो चिवड्याची पुडी घेऊन येत राहिला आणि बुधवारी 'अहो'चं 'अगं' कधी झालं, दोघांनाही समजलं नाही. एका सुट्ट्या स्प्रिंगवर तो वाकला तेव्हा त्याचा श्वास तिच्या मनगटाला लागला आणि केसाएवढी ती स्प्रिंग तिच्या हातून सुटली. अर्धा तास दोघं जमिनीवर गुडघे टेकून ती शोधत होते. सापडली पहिल्या मिनिटालाच होती, तिच्या मुठीत.

रोज रात्री ती स्वतःला बजावायची, वेडे, यातून काही निघणार नाही. गिअरचा एक दाता कमी घासला तर डबी अडकेल, तो अजून आठवडाभर थांबेल, असंही मनात आलं. गुरुवारी तिने कानस हातात घेतली आणि परत ठेवली. मीटर चुकवायला तिला येत नव्हतं.

शुक्रवारी जेवताना ती बाबांना म्हणाली, "बाबा, मी कुठे लांब गेले तर?"

बाबुरावांचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी लकव्याने गेला होता. डाव्या हाताने भात कालवत ते म्हणाले, "जा की. मी काय पाळण्यातलं पोर आहे? शेवंती आत्या आहे करून घालायला." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "फक्त जिथे जाशील तिथे दारातून आत जा. खिडकीतून नको."

शनिवारी तिने मीटर बंद केलं. आत जुन्या चिठ्ठीखाली नवी ठेवली. संघमित्रा बाबुराव गमरे, चिंचपोकळी. आणि टेबलाखाली एक पिशवी आणून ठेवली. तीन ड्रेस, बाबांनी दिलेलं भिंग, आईचा फोटो. त्याने विचारलं तर ती हो म्हणणार होती.

रविवारी सकाळी ऊन कोवळं होतं आणि फ्रीवे रिकामा. ती त्याच्या शेजारी बसली.

"काटा साठवर धर आणि हलू देऊ नकोस," ती म्हणाली. "या पाटीपासून पुढच्या पाटीपर्यंत बरोबर एक किलोमीटर. साठ सेकंद लागले तर मीटर खरं."

पाटी गेली. तिने मोबाइलवरचं घड्याळ दाबलं.

"मित्रा, मला बोलायचंय."

"मोजतेय मी."

"मोज ना. मी बोलतो." त्याचे कान लाल झाले होते. "आईने गावची मुलगी बघितलीय, मेघना. मी अजून हो म्हटलं नाही. मला... मला तू हवीयस गं. ही दुसरी सीट तुझीच होती, पहिल्या दिवसापासून. परत वळायलाच नको, असेच पुढे जाऊ."

बावीस. तेवीस. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आकडे पुसट झाले. तिने होकारासाठी तोंड उघडलं होतं.

"फक्त एक कर," तो म्हणाला. "आईसमोर नुसतं मित्रा. संघमित्रा नको. आडनाव विचारलं तर... जाधव सांगू. जाधव आमच्यातपण असतात ना. थोडेच दिवस गं. तिला सवय झाली की मग सांगू."

एकेचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस. काटा साठवर गपगार उभा होता. ती मोजत राहिली. दुसरी पाटी गेली तेव्हा तिने घड्याळ थांबवलं. साठ.

"मीटर बरोबर आहे," ती म्हणाली. "पुढच्या उतारावरून खाली घे."

"मित्रा..."

"पंच्याहत्तर दाखवून त्र्याऐंशीने पळणारी गाडी घेऊन तूच आला होतास ना भांडायला?" तिचा आवाज फाटला. "माझं प्रेम आहे रे तुझ्यावर. नाही असं मी कधी म्हणणार नाही. पण माझ्या बापाचं नाव गल्लीत टाकून मी कुठे येऊ?"

परतीच्या वाटेवर तो रडत होता आणि गाडी नीट चालवत होता. दुकानाशी ती उतरली. तो थांबेल, आईला फोन लावेल, निदान काच तरी खाली करेल... ती दारात उभी राहिली. फियाट वळली, पुलाकडे गेली, दिसेनाशी झाली.

तिने टेबलाखालची पिशवी उचलली आणि घरी गेली. बाबुराव दारातच बसले होते. त्यांनी पिशवीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मीटर लागलं?"

"लागलं."

"किती माणसांवर?"

"दोन."

"आणि गेले किती जण?"

"एकटाच."

बाबुरावांनी डाव्या हाताने तिच्याकडून पिशवी घेतली. "म्हणजे चुकणार ते आता."

"केसभर, बाबा," ती म्हणाली. "त्याला कळणारसुद्धा नाही."