मायनस चाळीसची सेटिंग

हे खरं घडलंय. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत. म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, पण ते पुढे सांगते.

या पेजवरच्या भुताखेतांच्या गोष्टींना मी आजवर हसत आले. आता माझ्यावर हसायची पाळी तुमची. माझी काही हरकत नाही.

वार बुधवार होता. जानेवारी संपत आला होता. आणि वेळ रात्रीची नव्हती... दुपारचे सव्वादोन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं, खाली सायकलवाल्याच्या दुकानात रेडिओ चालू होता.

मी इमारतींची तपासणी करते. भिंतीतली ओल, तापलेली वायर, फुटलेला पाइप. त्यासाठी माझ्याकडे थर्मल कॅमेरा आहे. त्यात माणूस किंवा भिंत दिसत नाही, त्यांचं तापमान दिसतं. गरम ते पिवळं-लाल, गार ते निळं.

दुसऱ्या दिवशी एका कोल्ड स्टोरेजचं काम होतं. आत मायनस तीस. माझा कॅमेरा मायनस पाचच्या खाली काही दाखवतच नव्हता. त्याहून गार काही समोर आलं, की तो ते चूक समजायचा आणि तेवढी जागा आजूबाजूच्या रंगाने भरून टाकायचा. गंमत अशी, की महागड्या मॉडेलमध्येही यंत्र हेच असतं. फरक फक्त सेटिंगच्या फाईलमधल्या एका ओळीचा.

ती ओळ मी बदलणार होते.

घरात आम्ही दोघंच होतो, मी आणि बाबा. बाबांनी छापखान्यात चाळीस वर्षं मशीन चालवली. डिसेंबरअखेर त्यांना हार्ट अटॅक आला. हॉस्पिटलमधून घरी येऊन तीन आठवडे झाले होते आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर एकटं सोडायचं नाही. रात्री ताई यायची, दिवसा मी. आई गेल्यापासून आम्हा दोघी बहिणींना हे एकच माणूस उरलं होतं. मला त्यांना गमावायचं नव्हतं. म्हणून तर बाहेरची निम्मी कामं सोडून मी घरी बसले होते.

बाबा मला 'साहेब' म्हणायचे. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं तेव्हापासून. साहेब, आज गोळी राहू द्या. साहेब, तुमचा भात करपला.

जेवून ते आत पडले. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना लॅपटॉप उघडला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स आहे, कारण दुसरं काही टाकलं की तो मान टाकतो. कॅमेरा केबलने जोडला. काळ्या पडद्यावर कमांड देत कॅमेऱ्याच्या आत शिरले. फाईल सापडली. आधी तिची एक प्रत काढून ठेवली, तेवढी अक्कल मला आहे. मग मायनस पाचच्या जागी मायनस चाळीस लिहिलं. फाईलच्या शेवटी पडताळणीचा एक आकडा असतो, तो जुळला नाही तर कॅमेरा फाईल नाकारतो. तोही बदलला. कॅमेरा बंद करून चालू केला.

टिक.

हा आवाज नेहमीचा. कॅमेऱ्याच्या आत एक छोटी पाकळी असते. समोरचं तापमान एकदम बदललं, की ती क्षणभर मिटते आणि कॅमेरा स्वतःला सावरून घेतो.

फ्रीजचा वरचा कप्पा उघडून पाहिलं. मायनस अठरा. जमलं होतं. मी खुशीत वळले, कॅमेरा हातात तसाच.

टिक...

पॅसेजच्या फरशीवर पावलं होती.

निळी. अनवाणी. टाच, चवडा, पाची बोटं. बाहेरच्या दारापासून सुरू होऊन सरळ बाबांच्या खोलीपर्यंत. दाराजवळची फिकट झाली होती, खोलीजवळची गडद. माणूस चालून गेला की त्याच्या पायाची ऊब फरशीवर मिनिटभर राहते, हे मी रोज बघते. पण ही ऊब नव्हती. एका पावलावर कॅमेरा धरला. मायनस सव्वीस.

आणि ती फक्त आत गेली होती... बाहेर एकही आलेलं नव्हतं.

दाराला आतून कडी होती. मी खाली वाकून फरशीला हात लावला. फरशी नेहमीसारखीच होती.

मग मी तेच केलं जे माझ्या धंद्यातलं कुणीही करेल. मी कॅमेऱ्यावर संशय घेतला. आकडा चुकला असेल, नाहीतर फाईल बिघडली असेल. वैतागून मोठ्याने म्हणाले, की या कॅमेऱ्यातच खोट आहे.

आतून बाबांचा आवाज आला, "काय साहेब, नाचता येईना अंगण वाकडं?"

मी हसले. टेबलाशी जाऊन बसले आणि फाईल पुन्हा उघडली.

नऊ मिनिटं. लॅपटॉपवर वेळ नोंदलेली आहे. नऊ मिनिटं मी एकेक ओळ तपासत होते. मधे आत खाट करकरली. वाटलं, बाबा कुशीवर वळले असतील. मग खालचा रेडिओ ऐकू येईना. नंतर सायकलवाल्याला विचारलं तर म्हणाला, रेडिओ बंद केलाच नव्हता. पण मला फ्रीजची घरघरही ऐकू येत नव्हती... माझ्या बोटांखाली कीबोर्डही वाजत नव्हता.

मग सगळे आवाज एकदम परत आले.

जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात, ते हेच. फाईलमध्ये काहीही चूक नव्हती. मी कॅमेरा चालू केला आणि पॅसेजकडे धरला.

टिक.

आता पावलं बाहेर जात होती...

दोन जोड्या.

एक मघाचीच. दुसरी तिच्या शेजारून, आखूड पावलांची, दुखण्यातून उठलेलं माणूस चालतं तशी. तिच्या डाव्या पायाला चारच बोटं होती. बाबांची डाव्या पायाची करंगळी छापखान्यातल्या मशीनखाली गेली, तेव्हा मी पाचवीत होते. ते पाऊल मी हजारात ओळखेन.

दोन्ही जोड्या बंद दाराखालून बाहेर गेल्या होत्या.

मी खोलीत धावले. बाबा खाटेवर होते. डोळे उघडे, नजर छताकडे. कॅमेरा धरला. चेहरा पिवळा, छाती लाल. जिवंत माणूस असतो तसं सगळं. नाडी पाहिली, ठीक. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच रडायला लागले.

"काय झालं, बाळ?" बाबा म्हणाले.

तरीही मी दार उघडून जिन्यात पाहिलं. चार पायऱ्यांपर्यंत निळी पावलं होती, पुढे काही नव्हतं. माझं माणूस तर आत आहे, असं म्हणून मी परत आले. दार लावलं, कडी घातली. जिना उतरायला हवा होता. आज दिवसातून दहादा हेच मनात येतं.

त्याच संध्याकाळी जुनी फाईल परत टाकली. शीतगृहाचं काम दुसऱ्याला दिलं.

बाबा झपाट्याने सुधारले. डॉक्टर खूश. ताई तर म्हणाली, तुझ्या हाताला गुण आहे. बाबा जेवत होते, पेपर वाचत होते, गोळ्या वेळेवर घेत होते. कशालाच नाही म्हणत नव्हते. बाबा, आणि गोळ्यांना नाही म्हणत नव्हते! भात करपला तरी चुपचाप खायचे. पूर्वीसारखे खोकत नव्हते. आणि साहेब म्हणत नव्हते... एकदाही नाही.

दीड महिना मी स्वतःची समजूत घालत राहिले. आजारपणात माणूस बदलतं, सगळेच म्हणतात.

गेल्या गुरुवारी दुपारी न राहवून विचारलं, "बाबा, तुम्ही मला साहेब का म्हणत नाही हो आता?"

त्यांनी पेपरमधून मान वर केली. "कोण साहेब?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. लॅपटॉप उघडला. कमांड तीनदा चुकली. मायनस चाळीस. कॅमेरा बंद, चालू.

पॅसेजमध्ये काही नव्हतं. फरशी स्वच्छ होती. मी कॅमेरा बाहेरच्या दाराकडे नेला.

टिक... टिक... टिक...

दाराखालच्या फटीतून बोटांची टोकं आत आली होती. निळी. एका पायाची पाच. दुसऱ्याची चार.

कुणीतरी दाराला अगदी चिकटून उभं होतं. ते वाजवत नव्हतं, हाक मारत नव्हतं. फक्त उभं होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे. मी तर कॅमेऱ्याला ते दिसूच नये अशी व्यवस्था करून ठेवली होती.

माझा हात कडीकडे गेला.

"उघडू नकोस," आतल्या खोलीतून बाबा म्हणाले.

त्यांच्या खोलीतून बाहेरचं दार दिसत नाही. मी पाऊल वाजवलं नव्हतं. तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

मी दार उघडलं नाही. घाबरले, दुसरं काय? आत मागे कोण आहे ते माहीत नाही, बाहेर कोण आहे ते माहीत आहे... आणि तरी मी उघडलं नाही. याची मला लाज वाटते. नऊही बोटं हळूहळू फिकट झाली आणि गेली. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले.

रविवारी ताई येणार आहे. बाबा आता बरे झाले, म्हणून त्यांना कायमचं आपल्याकडे न्यायचं म्हणते. मलाही तिकडेच चल म्हणते, या घराला कुलूप लावू.

मी तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.