चाखायला आलेली बाई

"मीठ विसरलाय आज पण," म्हातारी युर्सुल शेजारणीच्या कानात म्हणाली. तिला स्वतःला ऐकू कमी येतं, त्यामुळे तिचं कानातलं बोलणं चौकापर्यंत पोचतं. काउंटरमागे उभ्या लिओंतीनने तिचा पाव कागदात गुंडाळताना कागद जरा जास्तच पिळला.

मागे भट्टीपाशी तिच्या नवऱ्यानेही ते ऐकलंच असणार. आंब्रवाझने मीठ कधी तोलून घातलं नाही. मूठ अंदाजाने, मग मळलेल्या पिठाची चिमूट जिभेवर. डोळे मिटून तो मान हलवायचा. ती मान हलली की लिओंतीन दुकानाचं दार उघडायची. तेहतीस वर्षं हेच चाललं होतं.

गेले तीन आठवडे मान हलत नव्हती. दार मात्र उघडत होतं.

"सर्दी असेल तुला," ती म्हणाली.

"मला असेल. युर्सुलला पण आहे का?"

"हळू. गिऱ्हाईक आहे."

ती बाई आली ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी, बाजाराच्या दिवशी. पन्नाशीची, राखी रेनकोट, हातात रिकामी टोपली. दोन दिवसांसाठी आले म्हणाली आणि चौकातल्या हॉटेलात राहूनच गेली. गावोगावचे बाजार फिरायचे आणि खायचं, एवढाच तिचा प्रवास. पहिला पाव तिने दुकानाच्या पायरीवर बसून खाल्ला, डोळे मिटून, शेवटच्या कणापर्यंत. आत येऊन आंब्रवाझचा पिठाळ हात दोन्ही हातांत धरला. त्या दिवशी तो भट्टीपाशी शीळ घालत होता.

मग ती बाजारात गेली. आमच्याकडे चीज घेणाऱ्याला आधी सुरीच्या टोकावर तुकडा देतात. नाही म्हणायची पद्धत नाही. गास्तोंने बकरीच्या चीजचा तुकडा दिला. पुढच्या मंगळवारी सॉसेजवाल्याने चकती दिली, त्यानंतर मधवालीने काडीभर मध. ती प्रत्येकाचं मन लावून खायची आणि प्रत्येकाला वाटायचं, आपलं कुणीतरी पहिल्यांदाच नीट चाखलं.

आता गास्तों म्हणत होता, यंदा चाराच खराब. सॉसेजवाला मिऱ्यांना नावं ठेवत होता. मधवाली काहीच म्हणत नव्हती. दुसऱ्याला विचारावं तर आपलंही सांगावं लागलं असतं.

"आधी कुठं होतात?" गास्तोंने एकदा त्या बाईला सहज विचारलं. तिने डोंगरापलीकडच्या गावाचं नाव सांगितलं. गास्तोंने सुरी पुसून ठेवली. त्या गावी आता बाजार भरत नाही.

महिनाअखेरीला पिठाची गाडी घेऊन बाझिल आला. दर खेपेला तो पावाचं टोक मोडून तोंडात टाकतो. या खेपेला त्याने ते तळहातावर थुंकलं.

"लिओंतीनबाई, समुद्र ओतलाय का यात? माणसं मरतील!"

तिने उरलेला तुकडा तोंडात टाकला. ओला पुठ्ठा. बाहेर पायरीवर युर्सुल तोच पाव मोडून खात होती, सावकाश, रोजच्यासारखी. तिचा चेहरा जरासुद्धा वाकडा झाला नाही.

त्या दुपारी लिओंतीन माडीवर गेली आणि मुरांब्याच्या तीन बरण्या फडताळातून काढून चादरींच्या कपाटात, तळाशी ठेवल्या.

आलुबुखाराचा मुरांबा. त्यांच्या लेकीने, लुसेतने, इस्पितळात जाण्याआधीच्या शरदात केलेला. पोरगी रेडिओच्या गाण्यांवर नाचत राहिली आणि मुरांबा तळाला लागला. लिओंतीन तेव्हा केवढी ओरडली होती. तेव्हा नऊ बरण्या भरल्या होत्या. सहा वर्षं झाली. दर वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पितरांच्या दिवशी, कबरीवर शेवंती ठेवून आलं की एक बरणी उघडायची. पहिल्या चमच्याला तो करपट वास टाळूला लागायचा, आणि लुसेत स्वयंपाकघरात असायची. फोटोंत ती कधी तशी भेटली नाही. बरण्या संपल्यावर काय, हे लिओंतीन स्वतःलाही विचारत नसे.

यंदा त्या दिवशी गर्दी होती म्हणून आंब्रवाझ दुकानात थांबला. ती एकटीच शेवंती घेऊन गेली. दहाला परतली तर रांग दाराबाहेर आलेली.

काउंटरवर बरणी होती. उघडी.

"चादरींच्या कपाटात सापडली. एकच चमचा खाऊन बघितला," आंब्रवाझ म्हणाला. त्याचे डोळे ओले होते, आणि तो हसत होता. "लिओंतीन, मला लागली! चव लागली! सगळी लागली!"

मग तिला तो राखी रेनकोट दिसला.

"ह्यांनी विचारलं, काय आहे," तो म्हणाला. "माझा पाव चांगला म्हणणारं एवढं एकच माणूस उरलंय. नाही कसं म्हणू?"

चमचा त्या बाईच्या तोंडात होता. डोळे मिटलेले. घसा हलला.

"तळाला किंचित लागलाय," ती हळुवारपणे म्हणाली. "तुम्ही रागावलात तिच्यावर. ती मात्र नाचतच होती."

लिओंतीनने हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आंब्रवाझलासुद्धा.

तिने चमचा हिसकावला. बरणीत घातला. तोंडात घातला.

गार. घट्ट. ओलं.

पुन्हा घातला. तळापर्यंत खरवडून.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

"लिओंतीन?" आंब्रवाझ म्हणाला.

त्या बाईने रुमालाने ओठ टिपले. "आणखी आहे का हो?" तिने विचारलं, अगदी अदबीने.

रांगेतली सगळी खाली बघत होती, आपापल्या टोपल्यांत. लिओंतीनने चमचा काउंटरवर ठेवला आणि भर दुकानात, युर्सुललाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"मला कशाचीच चव लागत नाही."

"हो," युर्सुल म्हणाली. "आम्हालाही. ह्या बाई आल्यापासून."