शनिवारीच कळलं होतं

ही गोष्ट सांगताना अजून माझे कान तापतात.

मी हृदयाचा इको काढणारी टेक्निशियन. बघायचं, मोजायचं आणि तोंड बंद ठेवायचं, एवढंच माझं काम. त्या दिवशी एका मावशींचा इको करत होते, वाकले की माझा चष्मा घसरत होता. शेजारी बसलेला त्यांचा मुलगा हळूच म्हणाला, "झालं की तो इकडे द्या. चष्म्यांचं दुकान आहे माझं. मघापासून हात शिवशिवतायत."

"याचे हात चष्म्यासाठीच शिवशिवतात," मावशी पडल्यापडल्या म्हणाल्या. "म्हणून तर बिनलग्नाचा राहिलाय."

मी हसले... आणि मधेच थांबले. पडद्यावर हृदयाच्या झडपेच्या मुळाशी काहीतरी गोल, पांढरं दिसत होतं.

बाहेर त्याने चष्म्याचा स्क्रू आवळला आणि चष्मा अलगद माझ्या डोळ्यांवर ठेवला. मग विचारलं, काय दिसलं? डॉक्टरांनी बघण्याआधी चकार शब्द काढायचा नसतो. पण इतक्या जवळून कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं, आणि मी बोलून गेले — "गाठ असावी."

डॉक्टरांनाही शंका आली. त्यांनी सीटी स्कॅन सांगितला. स्कॅनची तारीख आठवड्यानंतरची मिळाली. त्या आठवड्यात तो रोज दुकान अर्धवट टाकून माझ्यासाठी चहा घेऊन यायचा. आईसमोर रडता येत नाही, तुमच्यासमोर निदान गप्प बसता येतं, म्हणायचा. त्याचा जीव टांगणीला आणि मी मात्र आरशात बघून केस नीट करायची. शोभतं का?

शनिवारी दुपारी डॉक्टरांनी मला बोलावून स्कॅन दाखवला. गाठ नव्हतीच. वयानुसार झडपेच्या कडेला कॅल्शियम साचलेलं, मधोमध टूथपेस्टसारखं मऊ झालेलं. त्यामुळे भलेभले फसतात, म्हणाले. घाबरायचं कारण नाही, अधूनमधून तपासत राहू.

संध्याकाळी तो आला. डोळे सुजलेले. काही कळलं का, विचारलं. आणि मी म्हटलं, रिपोर्ट सोमवारी, डॉक्टरच सांगतील.

का? सांगितलं असतं, तर चहा त्या दिवशीच संपला असता.

रविवारी बागेतल्या बाकावर त्याने माझा हात धरला. आई नसेल तेव्हा घरात कोण बोलेल, म्हणाला. मी हात सोडवून घेतला.

"तुमची आई बरी आहे. गाठ नाही. मला कालच कळलं होतं."



"कालपासून ती आपल्या साड्या वाटायला काढतेय," तो म्हणाला. "वाईट सांगताना नियम मोडलात. चांगलं सांगताना बरा आठवला?"

"तुम्ही यायचे थांबाल म्हणून..." पुढचं माझं मलाच ऐकू आलं नाही.

तो उठला. "आधी आईला सांगतो. तुमच्यावर रागवायला उद्या येतो."

रात्रभर वाटत राहिलं, हा कसला येतोय.

पण आला. जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आत. समोर बसून मनसोक्त रागावला. मी मान खाली घालून सगळं ऐकलं. त्यातलं एकही खोटं नव्हतं.

बोलून झालं, तरी तो उठला नाही. मी डबा हळूच दोघांच्या मधे सरकवला.