चिल्वाक्लेची शेवटची माळ

“फिदेन्सियो! तो पाव राहू दे बाजूला. माझ्या घरी चोरी झालीय!”

कासिल्दा ओलिवेरा बेकरीच्या दारात उभी होती. धापा टाकत होती, आणि धाप लागलेली असूनही ओरडत होती.

फिदेन्सियो रेन्तेरियाने भट्टीतलं लांब फावडं बाहेर ओढलं. बेकरी हा त्याचा बापाच्या वेळेपासूनचा धंदा. या वर्षी मात्र पाळीने गावाच्या सिंदिकोचं काम गळ्यात पडलं होतं. भांडणं मिटवायची, चोऱ्या शोधायच्या, तेही फुकट. त्यात डॉक्टरने पोटातल्या व्रणापायी मिरची बंद केलेली. सान हासिंतोसारख्या गावात मिरची बंद म्हणजे माणसाने जेवायचं तरी काय? तेव्हापासून त्याला एका जागी चैन पडत नसे.

“काय गेलं?”

“माळ. चिल्वाक्लेची.”

फिदेन्सियोने फावडं खाली ठेवलं.

चिल्वाक्ले ही या खोऱ्याची स्वतःची मिरची. जाड, बुटकी, वाळली की काळीभोर. मागच्या वर्षी मूळकूज आली आणि सगळ्यांची शेतं बसली. कासिल्दाच्या चुलीवर धुरात टांगलेली एक माळ तेवढी उरली होती. उद्या तिच्या धाकट्या लेकीचं, लुक्रेसियाचं लग्न. पानात काळा मोले, म्हणजे मिरच्या वाटून केलेला दाट रस्सा, वाढायचा आणि तोही याच मिरचीचा, असं तिने गावभर सांगून ठेवलं होतं. दुपारी मिरच्या भाजायच्या होत्या. त्यांच्या बिया जाळून कोळसा करायचा, तेव्हा कुठे मोलेला खरा काळा रंग चढतो.

“बियाणं वेगळं काढून ठेवलंय ना?” फिदेन्सियोने विचारलं.

“कोणासाठी ठेवू? मुलगा गेला सीमेपलीकडे, उत्तरेला मजुरीला. शेत बंद. माझ्या हातची शेवटची मिरची माझ्या लेकीच्या लग्नात जाईल आणि विषय संपला. तू चोर शोध. खरं तर शोधायचीही गरज नाही. पेत्रोनिलाला धर.”

“पुरावा?”

“तिचं तोंड हाच पुरावा!”

फिदेन्सियोने हात पुसले. लग्नाचा पाव न्यायला आलेल्या घराघरांच्या टोपल्या भिंतीशी उघड्या, रिकाम्या पडल्या होत्या. फक्त कासिल्दाच्या घरची टोपली भट्टीवरच्या उबदार फळीवर होती, वर फडकं घट्ट बांधलेलं. तिची सून निएवेस पहाटेच ती ठेवून गेली होती. “आमचा पाव शेवटच्या घाण्यातला द्या, तोवर हिला हलवू नका,” असं तिने त्याच्या बायकोला बजावलं होतं. त्याने बायकोला भट्टी सांभाळायला सांगितलं आणि तो निघाला.

कासिल्दाच्या स्वयंपाकघरात काही विस्कटलेलं नव्हतं. चुलीवरच्या आढ्याला लसणाच्या जुड्या जागच्या जागी होत्या. माळ टांगायची दोरी मात्र खुंटीवर नुसती लोंबत होती.

“ही दोरी कापलेली नाही,” तो म्हणाला. “गाठ सोडलीय. केव्हा पाहिली होतीस माळ?”

“पहाटे देवळात गेले तेव्हा होती. आले तर नाही.”

“घरात कोण होतं?”

“कोणी नाही. लुक्रेसिया मावशीकडे. निएवेस म्हणाली, ती माझ्या पाठोपाठच पेत्रोनिलाकडे मिरच्या सोलायला गेली.”

गाठ तुझी होती का, असं त्याने विचारलं. तिचीच होती, आणि तिची गाठ सुटता सुटत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं. चोराला घाई नव्हती तर.

पेत्रोनिलाचं अंगण बायकांनी भरलं होतं. लग्नाचा मोले तिच्याच हातचा असे. बाजारातून आणलेल्या इतर मिरच्यांचे ढीग पडले होते. बायका एकेक मिरची चिरत होत्या, आतल्या शिरा आणि बिया ओरबाडून काढत होत्या. सगळ्यांची बोटं पेटलेली. एकीच्या नाकाला खाज सुटली तर ती शेजारणीला म्हणाली, “अगं, पळीच्या दांड्याने खाजव गं जरा, माझ्या हाताला नाक दाखवायची सोय नाही.”

मध्येच शहरातल्या एका हॉटेलचा स्वयंपाकी बसला होता. लेआंद्रो त्याचं नाव. चिल्वाक्ले विकत मिळते का बघायला आठवडाभर गावात घिरट्या घालत होता. त्याच्या हातात रबरी मोजे होते आणि तोंडाला खळ नव्हती.

“मिरची इथूनच जगभर गेली, मावशी. जहाजात बसून गेली. बदाम, लवंगा, तीळ हे सगळं नंतर आलं. तुमच्या पणज्यांनी नुसत्या मिरचीवर संसार केले.”

“म्हणूनच आमच्या पणज्या मोजे घालायच्या नाहीत,” पेत्रोनिला म्हणाली. बायका खदखदून हसल्या.

“पहाटेपासून इथेच आहे का हा?” फिदेन्सियोने विचारलं.

“इथेच. आम्हाला शिकवतोय. ते मोजे काढ म्हटलं तर काढत नाही, दुसऱ्याला देतही नाही.”

“मला माळेची जागा कळली तर मीच पहिला धावेन हो,” लेआंद्रो कळवळून म्हणाला. “मागाल ते देतो. फक्त कुठे आहे ते सांगा.”

फिदेन्सियोने पेत्रोनिलाचा हात हातात घेतला. “पेत्रोनिला, कासिल्दा तुझं नाव घेते.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीचं नव्हतं. “माझ्या मोलेला ती राख म्हणते, चालेल. चोर म्हणाली तर संपलं. चोर स्वयंपाकिणीला कोण लग्नाला बोलावतं? शोध रे ती माळ, फिदेन्सियो. माझ्या नावासाठी शोध.”

त्याने मान डोलावली आणि नकळत डोळा चोळला. पुढच्याच क्षणी तो अंगणभर नाचत होता. “पाणी! पाणी आणा!”

“पाण्याने काय होतंय?” पेत्रोनिला म्हणाली. “मी हात कोपरापर्यंत साबणाने धुतले तरी रात्रीपर्यंत आग राहायची. आज कोणाला शिवू नकोस, बाबा.”

एका डोळ्याने रडत तो कुंपणाशी गेला. तिथे निएवेस उभी होती. पाठीशी शालीत बांधलेली मुलगी आता तिने कडेवर घेतली होती. मुलीला दात येत होते आणि ती किरकिरत होती.

“तू कुठे होतीस ग सकाळी?”

“इथेच, काका. उजाडल्यापासून मिरच्या सोलतेय. एप्रन बघा ना.” एप्रनवर लाल डाग होते.

“सासूबाईंची माळ कोणी नेली असेल?”

“मला काय ठाऊक? त्या पेत्रोनिलामावशींचं नाव घेतायत. पण मावशी तसल्या नाहीत, हे सांगते मी तुम्हाला.” मुलीने भोकाड पसरलं. निएवेसने आपलं बोट तिच्या तोंडात दिलं. मुलगी हिरड्यांनी ते चावू लागली आणि हळूहळू शांत झाली.

फिदेन्सियो उरलेल्या डोळ्याने बघत राहिला. मग तो वळला आणि जवळजवळ धावतच बेकरीत गेला.

दुपारी अंगणात मोठा मातीचा तवा चुलीवर चढला तेव्हा तो परत आला. मागे त्याची बायको होती. कासिल्दाही येऊन उभी राहिली होती, पेत्रोनिलाकडे पाठ करून.

“मिळाली?” तिने विचारलं.

“मिळाली. आधी ऐकून घे. बाहेरचा चोर असता तर दोरी कापून पळाला असता. याने तुझी गाठ सोडत बसायला वेळ काढला. म्हणजे घर रिकामं आहे आणि तू इतक्यात येत नाहीस, हे त्याला पक्कं माहीत होतं. लेआंद्रो? तो पहाटेपासून या बायकांच्या तावडीत आहे. शिवाय विकण्यासाठी चोरली असती तर पहिलं गिऱ्हाईक तोच, आणि तो अजून भीक मागतोय.”

“मग पेत्रोनिलाच!”

“पेत्रोनिलाच्या हाताने माझा डोळा गेला, कासिल्दा. ती पहाटेपासून मिरच्याच चिरतेय. या अंगणातल्या प्रत्येक बाईचे हात आज पेटलेले आहेत. फक्त एका बाईचे नाहीत. ती म्हणते सकाळपासून मिरच्या सोलते, पण तिने माझ्यासमोर बोट लेकराच्या तोंडात घातलं आणि लेकरू शांत झालं.”

सगळ्यांनी निएवेसकडे पाहिलं. एवढ्या गर्दीत ती केव्हा आली, हे खरंच कोणी पाहिलं नव्हतं.

“हात धुतले असतील तिने,” कोणीतरी म्हणालं.

“धुऊन जातं का?” पेत्रोनिलाने विचारलं.

“त्या बोटाने मला आणखी एक सांगितलं,” फिदेन्सियो म्हणाला. “अख्खी वाळकी मिरची हाताळली तर हात भाजत नाहीत, ती फोडली तर भाजतात. म्हणजे माळ फोडलेली नव्हती. खायची नव्हती, विकायची नव्हती. ती जपायची होती. आणि मिरचीचं बियाणं जपायचं तर कुठे? कोरड्या, उबदार जागी. पाव भरायला आणलेली रिकामी टोपली कोणी फडक्याने बांधून भट्टीवर ठेवतं का? चोरीचा माल माझ्याच डोक्यावर होता आणि मी गावभर हिंडत होतो.”

त्याच्या बायकोने टोपलीचं फडकं सोडलं. माळ अख्खी होती.

कासिल्दाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या नसत्या तरच नवल. “घरात ठेवून घेतलं तुला! माझ्याच चुलीवरून चोरतेस?”

“तुमच्या चुलीवरून नाही चोरली, चुलीतून वाचवली,” निएवेस म्हणाली. “शेत मागितलं तर म्हणालात, सुनेला शेत नसतं. बी मागितलं तर म्हणालात, बी जळल्याशिवाय मोले काळा होत नाही. दोन्ही वेळा मी तुमच्या पाया पडले. मग काय करायचं मी? उद्या लोक जेवून जातील आणि ह्या खोऱ्यात पुन्हा चिल्वाक्ले म्हणून काही उगवणार नाही. माझ्या ह्या मुलीने कशाचा मोले करायचा?”

“पेत्रोनिलावर आळ आला तेव्हा गप्प राहिलीस,” फिदेन्सियो म्हणाला.

“राहिले. मिरच्या भाजून झाल्या की सांगणार होते.” ती पेत्रोनिलापुढे वाकली. “माफ करा, मावशी.”

पेत्रोनिलाने जळते हात पाठीमागे घेतले आणि कपाळानेच तिच्या कपाळाला स्पर्श केला. मग ती कासिल्दाकडे वळली. “साल घे, बिया सोड. रंगाला मी दुसऱ्या मिरच्यांच्या बिया जाळते, भाकरी जाळते. जेवणाऱ्याला कळायचं नाही.”

“मला कळेल,” कासिल्दा म्हणाली.

तिने माळ हातात घेतली. बराच वेळ ती नुसती चाचपत राहिली. फिदेन्सियोला वाटलं, आता ती तव्यावर फेकते. कासिल्दा खाली बसली, मांडीवर फडकं पसरलं आणि पहिली मिरची फोडली. बिया फडक्यात झाडल्या, साल पेत्रोनिलाच्या परातीत टाकलं. मग दुसरी घेतली. असं करत तिने सगळी माळ संपवली.

“पेत्रोनिला, तुला चोर म्हणाले ते मी उद्या मांडवात सगळ्यांसमोर परत घेईन,” ती शेवटी म्हणाली. मग तिने फडक्याची पुरचुंडी बांधली आणि सुनेकडे न बघताच पुढे केली.

“तुझ्याशी मी बोलणार नाही. वर्षभर बोलणार नाही. आपल्या शेताला कालव्याच्या पाण्याची पाळी मंगळवारी असते, उजाडायच्या आत. उशीर केलास तर वरचे लोक पाणी ओढतात, आणि मग ते कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत.”