तिसऱ्या प्रकरणातली राणी

दातांच्या डॉक्टरांकडे बसायला जेमतेम जागा होती. नंबर येईपर्यंत ती मांडीवर प्रुफं ठेवून तपासत होती. एका ओळीपाशी तिची लाल पेन्सिल अडली आणि तोंडून निघूनच गेलं, "काहीच्या काही!"

"काय झालं?" शेजारच्या तरुणानं विचारलं. गालावर रुमाल दाबलेला, अर्धं तोंड बधीर.

"या तिसऱ्या प्रकरणातली राणी बघा. नवरा लढाईत गेला, मुलगा पाळण्यात. तिनं एकटीनं राज्य सांभाळलं, कालवे खोदले. आणि लेखकमहाशय काय लिहितात? 'सेनापतीच्या मिठीत विरघळणारी अतृप्त विधवा'! विरघळायला ती काय साखर आहे?"

तरुण हसायला गेला, पण ओठ एकाच बाजूला हलले. "लेखक... भलताच दिसतोय."

"भेटू दे, तोंडावर सांगणार आहे."

"सांगितलंत की," तो म्हणाला. "आत्ताच."

तिचा चेहरा लालबुंद झाला. पण शब्द मात्र तिनं मागे घेतला नाही.

ती प्रकाशकाच्या ऑफिसात संपादिका होती; तिथे सगळे तिला 'कात्री' म्हणायचे. तो लेखक आता तिथे वरचेवर येऊ लागला. खिडकीजवळच्या टेबलावर दोघं समोरासमोर बसत. "याला आधार?" ती विचारायची. तो एका पुस्तकाचं नाव सांगायचा. ती ते शोधून काढायची, तर त्याचा आधार तिसरंच पुस्तक. असं मागे मागे जात दोघं शेवटी एका कवीपाशी पोचले.

"राणीनं ज्या राजाला हरवलं, त्याच्या नातवाच्या पदरचा हा कवी," ती म्हणाली. "आणि जन्मला कधी? ती गेल्यावर!"

त्यानं समोरचं पुस्तक मिटलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे माझ्या राणीनं प्रेमच करायचं नाही?"

"तिनं केलं असेल तर खुशाल करू दे. तुम्ही तिच्या गळ्यात मारू नका."

"आणि... एखाद्या संपादिकेनं केलं तर?"

तिनं मान खाली घातली. पेन्सिलीला टोक असूनही ती तासत बसली...

त्यानं प्रकरण नव्यानं लिहायला मुदत मागितली, तसे मालक भडकले. "ते प्रकरण आहे म्हणून पुस्तक खपणार आहे! मुखपृष्ठावरही मिठीतली राणीच आहे." मग दाराबाहेर, सगळ्यांना ऐकू जाईल असं – "कात्रीनं लेखकाला बरोबर गुंडाळलाय."

एवढं पुरलं. आठवड्याभरात ताईचा फोन आला. "अगं, तू त्याच्या गाडीतून फिरतेस म्हणे?"

"त्याच्याकडे गाडीच नाही, ताई."

"मग लोक उगाच बोलतात का?"

तिला हसू आलं नाही. दुसऱ्याच दिवशी मालकांनी पुस्तक तिच्याकडून काढून घेतलं. जिन्यात तो भेटला, तेव्हा ती म्हणाली, "यापुढे मला भेटायला येऊ नका."

"कोण बोलतंय? नाव सांगा!" तो संतापला. "कुणी पाहिलं? कुणाकडून ऐकलं? तुमच्याबद्दल असं बोलायचा त्यांना अधिकार कुणी दिला?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. "तिच्याबद्दल लिहिताना," ती शांतपणे म्हणाली, "हे प्रश्न तुम्ही कुणाला विचारले होते?"

ती जिना उतरून गेली.

त्यानं पुस्तक परत घेतलं. मालकांनी करार मोडला, आणि त्याला पुन्हा दारात उभं करणार नाही म्हणून सांगितलं. तिनंही ती नोकरी सोडली. पुढे कितीतरी महिने दोघांची गाठ नाही. रस्त्यात एखादी पाठमोरी आकृती त्याच्यासारखी दिसली, की तिची पावलं मंदावायची... एवढंच.

मग एका छोट्या प्रकाशकानं ते पुस्तक काढलं. वाचनालयाच्या सभागृहात तो त्यातलं वाचणार होता. ती मागच्या खुर्चीत जाऊन बसली. निम्म्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. त्यानं कालव्यांबद्दल वाचलं, वेढ्याबद्दल वाचलं, मुलाला गादीवर बसवून बाजूला झालेल्या राणीबद्दल वाचलं.

"आणि सेनापतीचं प्रकरण?" एक गृहस्थ ओरडले.

"तिचं कुणावर प्रेम होतं का, हे मला माहीत नाही," तो म्हणाला. "पूर्वी मीही माहीत असल्यासारखं लिहिलं होतं. ते खोटं होतं."

गृहस्थ उठून गेले. आणखी काही जण गेले. तो त्या रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्यांकडे बघत उभा राहिला – आणि मग त्याला ती दिसली.

बाहेर पायऱ्यांवर गर्दी रेंगाळत होती. तो घाईघाईनं आला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. "तुम्ही इथे... लोक बघतायत."

"बघू देत." ती मागे सरली नाही. "माझं तुमच्यावर प्रेम आहे. हे तुम्हाला माझ्या तोंडून कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या नाही."

त्याचे डोळे भरून आले. त्यानं नुसताच हात पुढे केला, आणि सगळ्यांच्या देखत तिनं तो धरला.